जोमा पाटलांचे तीन सवाल

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. अंतरपाट धरलेला, भटजी घटिकापात्राकडे डोळे लावून बसलेले, नवरा घामाने निथळतोय आणि मांडवभर माणसं मुठीत अक्षता घेऊन उभी. भटजींनी हात वर करून सांगितलं, "जो जिथे आहे त्याने तिथेच उभं राहावं. कोणी बसू नये, कोणी हलू नये." तेवढ्यात मागच्या खांबापाशी खणखणीत आवाज झाला.

"कोनी सांगलं? कशापायी? कवर?"

‘कवर’ म्हणजे कधीपर्यंत. भटजींच्या हातातली पळी ताम्हनात पडली. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मुंडावळ्या मला बांधल्या असत्या तरी मी पळून गेलो असतो, कारण पाहुण्याला आमंत्रण माझं होतं. भटजी मात्र जुने, पिकले पान. ते म्हणाले, "मी सांगितलं पाटील. मुहूर्त व्हायचाय म्हणून सांगितलं. ही वाटी पाण्यात बुडेपर्यंत."

"मंग ठीक हाय," असं म्हणून जोमा पाटील पाय जुळवून उभे राहिले ते वाटी बुडेपर्यंत तसूभर हलले नाहीत. इतकंच नाही, ठाण्याहून आलेले आमचे एक वजनदार मामा हळूच बसायला लागले, तर पाटलांनी त्यांना कोपराला धरून पुन्हा उभं केलं. हुकूम कोणाचा, कशासाठी आणि किती वेळ हे एकदा कळलं की त्यांच्याइतका आज्ञाधारक माणूस अख्ख्या तालुक्यात नसेल.

हे तीन सवाल ते सगळ्यांनाच करत. रेल्वेचा फाटकवाला फाटक लावायला लागला की त्याला. न्हावी "मान खाली" म्हणाला की त्याला. वैद्यांनी दही बंद करायला सांगितलं तेव्हा वैद्यांना. वैद्य "कधीपर्यंत" याचं उत्तर देईनात, म्हणून पाटील त्यांच्याच ओट्यावर बसून दही खाऊन आले. लोक हसत, वैतागत, लांबून दिसले की वाट बदलत. मीही दोन-चारदा बदललेली आहे.

गावाचं नाव सांगत नाही. त्या वेळचे बरेचजण अजून हयात आहेत आणि त्यांतल्या एकाची काठी चांगली मजबूत आहे. ठाण्याहून कल्याणकडे यायला लागलात की खाडीच्या अंगाला मिठागरं लागतात, त्यांच्या पाठीमागे आमचं गाव, एवढं पुरे. गावाला म्युनिसिपालिटी मिळाली, तिला आम्ही कमिटी म्हणत असू. मी तिथला कारकून. सभेत कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं आणि कोण काय बोललं ते विसरून जायचं, अशी दोन्ही कामं माझ्याकडे होती.

पुढे सरकारने ठरवलं की लोकांनी काही मेंबर आपले आपण निवडावेत. आगरआळीने एकमुखाने जोमा पाटलांना निवडून दिलं. गावात मोठी चर्चा झाली की आगऱ्यांना एवढी राजकारणाची समज आली कुठून. मी आळीतल्या एका म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "समज कसली! पाटील तितं जाऊन इचारल, तवरी आमाला तरी इचारनार नाय."

पाटलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सहीच्या जागी ते बापजाद्यांची नांगराची निशाणी काढत आणि ती इतक्या जोराने काढत की टाकाचं टोक कागदाच्या पार जाई. अक्षराची उणीव त्यांनी गाठींनी भरून काढली होती. आमच्या अध्यक्षांनी कमिटीला न विचारता एखादा हुकूम काढला, की पाटील आपल्या उपरण्याला एक गाठ मारत. तो हुकूम सभेत आला, त्यावर बोलणं झालं, की सगळ्यांच्या देखत गाठ सोडत. उपरण्याकडे पाहिलं की कमिटीचा कारभार कसा चाललाय ते कोणालाही कळत असे.

कायद्याचं पुस्तक त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं. रोज संध्याकाळी वालाच्या शेंगांची ओंजळ माझ्यापुढे ठेवायची आणि म्हणायचं, "हां, वाचा कारकून." त्यात एक कलम होतं: अगदी तातडीची वेळ आली तर अध्यक्षाने कमिटीची वाट न पाहता जरूर ते करावं, मात्र काय केलं आणि का केलं ते पुढच्या सभेत कळवावं. हे कलम ऐकल्यावर पाटील ताडकन उठून उभे राहिले.

"‘मात्र’च्या फुरचं परत वाचा."

मी परत वाचलं. सात वेळा वाचलं. सातव्यांदा ते हसले आणि म्हणाले, "हा तर आमचा बांधाचा कायदा. साहेबलोकांनी तो कंदी चोरला?"

मला बांधाचा कायदा ठाऊक नव्हता. तो त्यांनी मला त्या दिवशी सांगितला. खाडीच्या काठची शेतं आणि मिठागरं बांधाच्या आधारावर जगतात. बांधात पाणी सोडायला नि अडवायला लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. उधाण आलं, पाणी बांधाच्या डोक्याला लागलं, की कोणाला विचारत बसायला वेळ नसतो. जो माणूस त्या क्षणी बांधावर असेल त्याला सगळी मुभा. त्याने वाटेल ती उघाडी उघडावी, वाटेल त्याचा बांध कापावा, वाटेल त्याच्या छपराचे वासे काढून भगदाडात घालावेत. कोणी त्याचा हात धरायचा नाही. पण ओहोटी लागली की सगळा पाडा बांधावर जमतो, आणि त्या माणसाने मधोमध उभं राहून सांगायचं: मी हे हे केलं, या कारणाने केलं, नुकसान याचं झालं आणि अमक्या दिवशी मी ते पुन्हा होतं तसं करीन. ज्याने तोडलं त्यानेच बांधायचं, आपल्या हाताने.

"उधानात इचारायचं नाय," पाटील म्हणाले, "आनी व्होटीला इचारल्याबिगर सोरायचं नाय." असं म्हणताना त्यांचा चेहरा का कोण जाणे जरा उतरला. मला वाटलं शेंगा कडू लागल्या असतील.

त्यानंतर वर्षभरात पटकीची साथ आली.

आमचे अध्यक्ष रावसाहेब सरकारने नेमलेले. राहायला ठाण्याला, टेंभी नाक्याच्या बाजूला, सभेच्या दिवशी गाडीने येत. माणूस वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. साथीच्या दिवसांत ते आठ-आठ दिवस गावातच राहिले, स्वतः घरोघर फिरले. पण त्यांना हुकूम फार सुंदर सुचत. काकडी-कलिंगड विकायची-खायची बंदी. वाजंत्री वाजवायची बंदी, कारण वाजंत्र्याला माणसं जमतात. परगावच्या पाहुण्याने चावडीवर हजेरी दिल्याशिवाय जेवायचं नाही. पाचाहून जास्त माणसांनी एके ठिकाणी जमायचं नाही. आगरआळीतली गोड्या पाण्याची विहीर बंद. पाटलांनी उपरण्याला चौदा गाठी मारल्या आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. विहिरीवर फळ्या ठोकल्या त्या दिवशी तर कंदील धरायला तेच पुढे होते. आळीतल्या बाया रडायला लागल्या तेव्हा त्यांनाच दटावलं, "उधान हाय. आता इचारायचं नाय."

साथ ओसरली. विहीर उपसली, तिच्यात तांबडं औषध टाकलं, दवाखान्याच्या माणसाने पाणी पाहून चांगलं असल्याचं सांगितलं. तरी फळ्या तशाच. एक महिना गेला, दोन गेले, तीन गेले. खाडीकाठी गोडं पाणी म्हणजे काय असतं ते खाडीकाठच्यालाच कळतं. बाया रुळांपलीकडच्या विहिरीवर जायला लागल्या. जाऊन-येऊन अर्धा प्रहर मोडायचा. बायजा नावाची एक बाई दिवस भरत आलेले असताना दोन हंडे घेऊन रूळ ओलांडताना पडली. ती वाचली, पण पोटातलं मूल गेलं.

ते कळल्यावर पाटील माझ्याकडे आले. वालाच्या शेंगा आणल्या नव्हत्या. म्हणाले, "कारकून, व्होटी लागली."

पहिल्या सभेत त्यांनी उभं राहून तीन सवाल केले. रावसाहेब हसून म्हणाले, "पुढच्या सभेत पाहू." पुढच्या सभेत म्हणाले, "कागद लावायचे राहिलेत." तिसऱ्या सभेत जरा चिडले. "पाटील, तातडीचे हुकूम सरकारी बाब आहे. ते चारचौघांत वाचायचे नसतात. गुप्त असतात."

"गुप्त हुकूम?" पाटलांनी विचारलं. "मंग आमी मानायचा कसा?"

मेंबर खाली मान घालून हसले. मी ते वाक्य लिहून घेतलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

त्या महिन्यात पाटलांनी एकेका मेंबरचं घर गाठलं. बायजाची गोष्ट सांगून फार कोणी हललं नाही, तेव्हा त्यांनी युक्ती बदलली. वाणी मेंबरच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पाटील त्याला म्हणाले, "शेट, लग्नाला वाजंत्री नाय म्हंजे बरंच झालं. खर्च वाचला." वाण्याला घाम फुटला, कारण व्याही कल्याणचे आणि मानपानाला तिखट. वकील मेंबरला काकडीची कोशिंबीर जीव की प्राण. त्यांना पाटलांनी आठवण दिली की ते रोज दोन्ही वेळा कायदा मोडून जेवताहेत. असं करत करत अकरातले सात मेंबर राजी झाले आणि साथीतला प्रत्येक हुकूम सभेत वाचावा असा अर्ज तयार झाला. अर्ज मी लिहिला, रात्रीचा नाही, भर दुपारी कचेरीत बसून. पहिली निशाणी नांगराची पडली आणि कागदाला नेहमीप्रमाणे भोक पडलं.

सभेच्या सकाळी रावसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "ते साथीचे कागद कुठे ठेवलेत ते तुला आठवत नाही, होय ना?" ते अगदी मायेने म्हणाले. माझी नोकरी त्यांच्या हातात, घरात लग्नाच्या खर्चाने कंबरडं मोडलेलं. मी म्हणालो, "आठवत नाही, रावसाहेब."

सभा भरली. बाहेर अंगणात आगरआळी लोटली होती. बाया डोक्यावर रिकामे हंडे घेऊनच आल्या होत्या. अर्ज वाचला गेला. रावसाहेब म्हणाले, "आमची ना नाही. पण कागद सापडत नाहीत, असं कारकून सांगतो."

पाटील माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता तीन सवाल माझ्यावर येणार. पण त्यांनी आवाज चढवला नाही. "कारकून," ते म्हणाले, "तुमची वही सगळ्या गावाचं बोलनं सांबालते. मना येक सांगा, कागद हायती का नाय?"

मी बाहेर पाहिलं. बायजा उंबऱ्याशी बसली होती, हंडा मांडीवर घेऊन. मी उठलो, कोपऱ्यातली पेटी उघडली आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. धक्क्याने दौत कलंडली. रावसाहेबांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, पण मला त्या क्षणी जेवढं हलकं वाटलं तेवढं पुन्हा कधी वाटलं नाही.

मी एकेक हुकूम वाचायला लागलो. एकेक वाचला की पाटील विचारत, "हा अजून चालू का बंद?" आणि रावसाहेबांना म्हणावं लागे, "रद्द केल्याचं आठवत नाही. म्हणजे चालू." काकडीचा हुकूम निघाला तेव्हा वकीलसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. पाहुण्यांचा हुकूम निघाला तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की खुद्द रावसाहेब ठाण्याहून येऊन इतके महिने चावडीवर हजेरी न देता गावात जेवताहेत. अंगणात हसू पसरलं. रावसाहेबही कसनुसे हसले.

मग नववा कागद आला. पाचाहून जास्त माणसांनी एके ठिकाणी जमू नये, जमल्यास दंड.

"चालू का बंद?"

"चालू," रावसाहेब बोलून गेले.

पाटलांनी बोटांवर मेंबर मोजले. अकरा. मला धरून बारा. "मंग ही सभा?"

रावसाहेबांनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला.

"मागची सभा? तिच्या मागची?" पाटील अगदी साळसूदपणे विचारत होते. "ज्या सभेत पान्याची पट्टी वारवली ती? रावसाहेबांचा भत्ता मंजूर झाला ती?"

वकील मेंबर तोंडावर उपरणं धरून खोकू लागले. वाण्याने तर टेबलावर थाप मारली. अंगणातून एक म्हातारी ओरडली, "दंड भरा रं, दंड भरा!" आणि जो हशा उसळला त्यात शिपाईही सामील झाला. मी त्या कमिटीत सतरा वर्षं बसलो, सभेत असा हशा ऐकला नाही.

तेरावा कागद वाचून झाला आणि गठ्ठा संपला. पाटलांच्या उपरण्याला मात्र एक गाठ उरली.

"विहिरीचा हुकूम वाचा," ते म्हणाले.

मी पेटी उलटी केली. नव्हता. विहिरीचा हुकूम नव्हताच. त्या दिवशी आळीत उभं राहून रावसाहेब तोंडाने बोलले, फळ्या ठोकल्या गेल्या, आणि कागदावर काहीच नव्हतं म्हणून पुढे तो मागे घ्यायचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. ज्याच्यापायी बायजाचं मूल गेलं त्या हुकमाचा चिठोराही नव्हता. रावसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. पगडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली, आणि म्हणाले, "मी विसरलो, पाटील. दुसरं काही नाही. मी विसरलो."

पाटलांना विजय मिळाला होता, वाटेल ते बोलायची वेळ होती. ते म्हणाले, "रावसाब, उधानात तुमी हतं राहिलात, घरोघर फिरलात, हे मी सोता पायलं. त्येचा बोल नाय. तोंडानं बंद केली ना? मंग तोंडानंच उघरा. आनी मंग हातानं."

साथीचे सगळे हुकूम रद्द झाले. मग ठराव झाला, आणि तो मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिला: अध्यक्षांनी तातडीने काढलेला प्रत्येक हुकूम लेखी असावा, त्यात कारण आणि मुदत असावी, तो लगेच चावडीवर लावावा, पुढच्या सभेत मोठ्याने वाचावा, वाचला नाही तर त्या दिवसापासून तो संपला. अकराच्या अकरा हात वर गेले. अकरावा रावसाहेबांचा होता.

वाजंत्रीबंदी उठल्याचं मी जाहीर करायच्या आतच अंगणात ढोल वाजला. कुठे लपवून आणला होता देव जाणे. सगळं गाव विहिरीकडे निघालं, पुढे रावसाहेब. फळ्यांचे खिळे गंजले होते. रावसाहेबांनी अंगरख्याच्या बाह्या सारून स्वतः पहार लावली. शेवटची फळी निघाली तेव्हा ते घामाने भिजले होते, धोतर चिखलात माखलं होतं. बायजाने पहिला हंडा भरला. भरला आणि ती तिथेच खाली बसून हंड्याला धरून रडली, आणि तिच्याबरोबर बऱ्याच बाया रडल्या. मग कोणीतरी रावसाहेबांच्या कपाळाला गुलाल लावला, वाण्याने साखर वाटली, वकीलसाहेबांनी चार डझन काकड्या मागवल्या. असा दिवस आमच्या गावाने पाहिला नव्हता.

हारही आणला होता, पण हार घालायला जोमा पाटील सापडेनात.

मी शोधत बांधावर गेलो. ते उघाडीच्या बाजूला पाण्याकडे तोंड करून बसले होते. मी हार पुढे केला. त्यांनी तो हातानेच बाजूला केला. "नको. हार घालून घ्येतला त्येचंच हे सगलं झालं."

मला काही कळेना. मग ते सावकाश बोलायला लागले. वीस वर्षांपूर्वीचं उधाण. पाणी बांधावरून वाहायला लागलं, पाडा जाणार हे दिसत होतं. बांधावर एकटे पाटील. पाण्याला वाट द्यायला एकच जागा होती, धाकट्या भावाची, हाशाची शेती. पाटलांनी बांध कापला. खारं पाणी हाशाच्या भातात गेलं, पाडा वाचला.

"सकाली सगले जमले," पाटील म्हणाले. "मी उभा राहिलो. बोलनार व्हतो, मी हाशाचा बांध फोरला, नुकसान त्येचं झालं, मी भरून देईन. पन कोनी इचारूच दिलं नाय. सगल्यांनी उचलून घ्येतलं, गल्यात हार घातला, पाडा वाचवला बोलले. मना बी गोर वाटलं कारकून. मी गप राहिलो. हाशा लांब उभा व्हता. तिसऱ्या दिशी बायकोपोरं घेऊन मोहन्याला सासुरवारीला गेला. आयला नाय परत."

वीस वर्षं त्यांना त्या एका सकाळी कोणी विचारलं नव्हतं, म्हणून हा माणूस सगळ्या जगाला विचारत फिरत होता. मी त्यांना टाळायला वाट बदलत असे ते आठवून मला तोंड कुठे लपवू असं झालं. मी त्यांच्याशेजारी चिखलात बसलो आणि म्हणालो, "पाटील, अजून ओहोटी आहे. मी लिहितो, तुम्ही सांगा."

पत्र दुसऱ्या दिवशी गेलं. त्यात क्षेमकुशल नव्हतं. काय केलं, का केलं, कोणाचं नुकसान झालं, आणि अमावास्येनंतरच्या पहिल्या ओहोटीला सगळ्या पाड्यासमोर हे सांगणार आहे, एवढंच. खाली नांगर. या वेळी कागद फाटला नाही.

ओहोटीच्या सकाळी पाडा बांधावर जमला. मीही गेलो, रावसाहेबांनी त्या दिवशीची कचेरी मला माफ केली होती. ठाकुर्लीच्या बाजूने एक वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस डोक्यावर गाठोडं घेऊन चालत आला आणि घोळक्याच्या कडेला उभा राहिला. पाटलांनी त्याला पाहिलं. मग ते मधोमध उभे राहून सगळं बोलले, एक शब्द न गाळता. हार घालून घेतल्याचंसुद्धा.

हाशा गाठोडं खाली ठेवून पुढे आला.

"बांध तू फोरलास ते बरंच केलंस," तो म्हणाला. "मी असतो तरी तोच फोरला असता. जमीन दोन पावसांत मीठ धुऊन गोरी झाली असती. मी काय जमिनीपायी गेलो? दोन दिस घरात चूल पेटली नाय दादा. मी दाराकडं बघत व्हतो. तू आयला नाहीस."

पाटील भावाच्या खांद्यावर हात ठेवून लहान पोरासारखे हुंदके देत राहिले. आजूबाजूचे बाप्ये खाडीकडे बघायला लागले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मग पाटलांनी डोळे पुसले, भावाचं गाठोडं उचललं आणि आपल्या डोक्यावर घेतलं. हाशा ओढायला लागला तर दिलं नाही. कमिटीचे मेंबर, आगरआळीचे पाटील, भर बाजारातून डोक्यावर गाठोडं घेऊन निघाले, आणि मागून सगळा पाडा. वाणी दुकानातून ओरडला, "पाटील, कोण आलं?" न्हाव्याने विचारलं, फाटकवाल्याने विचारलं. पाटील प्रत्येकापाशी थांबत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "माजा भाऊस आयलाय. हाशा. घरी चाललोय."